राणी पाकोळीची अळी आणि घाटातले माकड

महोदय,

ब्ल्यू मॉरमॉन, म्हणजे राणी पाकोळी, २०१५ पासून महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू आहे. असे फुलपाखरू जाहीर करणारे देशातले पहिले राज्य आपले, याचा मला अभिमान आहे. लाल तोंडाच्या माकडाची (बॉनेट मकाक) बातमी मात्र फक्त उपद्रवाची येते. जीवशास्त्र शिकवताना मी या दोघांची तुलना मुद्दाम करत असे.

पाकोळीची मादी पुढच्या पायांनी पानाची चव घेते. माकडलिंबू, पपनस अशा लिंबाच्या कुळातले झाड पटले की एकेक अंडे चिकटवून निघून जाते. अळी लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, पुढे पानासारखी हिरवी होते, आणि डिवचली की डोक्यामागून दोन फाट्यांचे शिंग काढून उग्र वास सोडते. यातले काहीही तिला कुणी शिकवलेले नसते.

माकडाचे सगळेच उलट. बहुधा एका वेळी एकच पिल्लू, तेही कितीतरी दिवस आईच्या पोटाला बिलगलेले. काय खायचे, कशाला घाबरायचे, हे ते कळपात बघून शिकते. माद्या जन्माच्या कळपातच राहतात, त्यामुळे आजीची सवय नातीपर्यंत पोहोचते.

म्हणून घाटात गाडी थांबवून दिलेले केळे एका पोटात जाऊन संपत नाही. अन्न रस्त्यावर मिळते, हे पिल्ले त्यातून शिकतात. मग हिसकावणे, चावे, गाडीखाली मरणे आणि शेवटी 'पकडून लांब सोडा' ही मागणी. माकडाची ही जात भारतीय द्वीपकल्पाबाहेर जगात कुठेही निसर्गतः आढळत नाही. आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संघटनेने तिला असुरक्षित ठरवले आहे. पुण्य म्हणून खाऊ घालणाऱ्यांना हे कळायला हवे, असे मला फार वाटते.

पाकोळीला आपण वेगळ्या तऱ्हेने मारतो. फुलपाखराचे फोटो हौसेने काढतो आणि लिंबावर अळी दिसली की औषध फवारतो. नुसती फुलझाडे लावून तिचे भागत नाही, अळीला लिंबाच्याच कुळातले पान लागते. मोठ्या झाडाला चार पाने गेल्याने काही होत नाही. रोप लहान असेल तर अळी अलगद उचलून त्याच जातीच्या मोठ्या झाडावर ठेवावी.

आपल्या पुरवणीत राणी पाकोळीचे छायाचित्र येते, तेव्हा शेजारी तिच्या अळीचेही छापावे. आणि पर्यटनाच्या पानावर माकडांना खाऊ देणाऱ्या कुटुंबांची छायाचित्रे कृपया घेऊ नयेत.

— एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका