माळ्यावरच्या डब्याबद्दल

ती. आई-बाबा,
सा. न.

काल फोनवर नीट बोलणं झालं नाही, म्हणून लिहितेय. बाबा चिडून फोन आईकडे देऊन निघून गेले आणि आई नुसतं 'बघ बाई' म्हणाली. त्या 'बघ बाई'त काय काय असतं ते मला चांगलं माहीत आहे.

तर सांगून टाकते. बाबांना माळ्यावर सापडलेल्या सोन्याच्या बांगड्यांच्या डब्याचं मी आपल्याला हे घर विकणाऱ्या काकांना कळवलंय. त्यांच्या बहिणीलाही कळवलंय. दोघं रविवारी येतील. आधी तुम्हाला विचारलं असतं तर बाबा 'थांब जरा, बघू' म्हणाले असते, आणि वकीलबाईंचं म्हणणं असं की लोक अडकतात ते या 'बघू'मध्येच.

बाबा, खरेदीखतातली ती ओळ तुम्ही तोंडपाठ म्हणून दाखवलीत, 'जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेपांसह'. वकीलबाईंना सांगितलं तेव्हा त्या मनापासून हसल्या. जुन्या सनदांमधली ओळ, अजून खरेदीखतांत उतरवली जाते. पण जे विकणाऱ्याचं एकट्याचं नाही, जे घरात आहे हेही त्याला ठाऊक नाही, ते त्या ओळीने आपलं होत नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ८ त्यांनी मला वाचून दाखवलं. घरासोबत कुलपं, किल्ल्या, अडसर, दारं, खिडक्या आणि घराच्या कायमच्या वापरासाठी बसवलेल्या वस्तू येतात. म्हणजे भिंतीतलं कपाट आपलं, माळा आपला, माळ्यावरचा डबा मात्र नाही.

आणि तो ब्रोच सापडलेला इंग्रज सैनिक तुम्ही मध्ये आणलात म्हणून सांगते. तो खटला १९४५ चा, आणि खरा आहे. पण त्याने ब्रोच आधी पोलिसांकडे दिला होता, दोनेक वर्षं कुणी मागायला आलं नाही, घरमालक त्या घरात कधी राहिलाच नव्हता. तेव्हा कुठे तो ब्रोच सैनिकाचा की घरमालकाचा, हा प्रश्न उभा राहिला. आपल्याकडे तो प्रश्नच नाही. आईने पाठवलेला फोटो मी मोठा करून पाहिला. बांगड्या ज्या रुमालात बांधल्यात, त्याच्या कोपऱ्यावर निळ्या दोऱ्याने दोन अक्षरं भरलीत, शेवटचा टाका जरा सैल. आपल्या खरेदीखतात काकांच्या आईचं जे नाव आहे, त्याचीच ती अक्षरं. मालक कोण हे कळण्यासारखं असताना वस्तू ठेवून घेतली तर तो अपहार. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१४. जमिनीत पुरलेलं किंवा भिंतीत चिणलेलं निघालं असतं तर १८७८ चा निखात निधीचा कायदा लागला असता, जिल्हाधिकाऱ्यांना कळवा, नोटीस निघू दे, आणि लपवलं तर वर्षभरापर्यंत कैद. त्या मानाने आपलं सोपं आहे.

बहिणीला का कळवलं, हे काकांनीही मला जरा तुटकपणेच विचारलं. ते म्हणाले, तिने हक्कसोडपत्र दिलंय. दिलंय, त्याची प्रत आपल्या फायलीत आहे. पण त्यात फक्त घर आहे, दागिन्यांचा शब्दही नाही. काकांच्या आईचे, म्हणजे आजींचे, यजमान आधीच गेलेले, मृत्युपत्र नाही, म्हणजे १९५६ च्या वारसा कायद्याने आजींचं सोनं मुलगा आणि मुलगी दोघांचं, सारखं. मला तर वाटतं, आजींनी ते मुलीसाठीच वेगळं ठेवलं असेल. हा आपला माझा अंदाज, रविवारी तो बोलून दाखवायचा नाही. बाबा, विशेषतः तुम्ही.

आई, तुझ्या मनात लोभ नव्हता हे मला सांगावं लागत नाही. तुझ्या पाटल्या कुठे गेल्या आणि कोणाच्या फीमध्ये गेल्या, ते मी विसरलेले नाही. लहानपणी पहाटे त्या वाजल्या की मला कळायचं तू उठलीस, आणि मी निवांत कूस बदलायचे. तशा पाटल्या मी तुला करणार आहे. नको म्हणू नकोस, मी ऐकणार नाही. गुडघ्याच्या ऑपरेशनचे पैसेही वेगळे ठेवलेत, त्या डब्यावर आपलं काहीच अडलेलं नाही. बाथरूममधले धरायचे दांडे गुरुवारी बसतील. तुझी कॉट खिडकीकडे सरकवायला त्यांनाच सांगते, तुम्ही दोघांनी ओढाओढ करायची नाही.

आता नीट ऐका. कायद्याने तो डबा आपल्याकडे ठेवायला दिल्यासारखाच आहे, तेव्हा रविवारपर्यंत कपाटात, कुलपात. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचा नाही. माझी चुलत आत्या आली तरी नाही. काका एकटेच आले तर बसवा, पाणी द्या, पण डबा काढू नका. दोघं आली की शेजारच्या दोघांना बोलवा, सगळ्यांसमोर एकेक नग मोजून वजनासकट यादी करा. वजनकाटा मी पाठवतेय. यादीवर दोघांच्या सह्या, साक्षीदारांच्या सह्या, ओळखपत्रांच्या प्रती, आणि यादीचा फोटो लगेच मला. मी फोनवर असेनच. रुमालही त्यांनाच द्या. आई, धुऊन-बिऊन नको, आहे तसा. बक्षीस म्हणून काही देऊ केलं तर बाबा, तुम्ही ठरवा, त्यात मी पडत नाही.

आणि मला खरा राग कशाचा आलाय ते शेवटी सांगते. चक्कर येत असताना तुम्ही माळ्यावर चढलातच कसे, बाबा? तेही आई आंघोळीला गेल्याचं बघून! उरलेली अडगळ काढायला मी माणूस पाठवतेय. शिडी तोवर शेजाऱ्यांकडे राहील, तसं मी त्यांना सांगितलंय. तुम्ही मागितलीत तरी ते देणार नाहीत.

तुमची,
बबडी