फुलाची पाठ दाखवणाऱ्या काकांना

तीर्थस्वरूप काका,
साष्टांग नमस्कार.

तुमचा पत्ता घ्यायचा राहिला. मुलाकडे गावी गेलात एवढंच कळलं, तेही टेकडीच्या पायथ्याशी चहाची गाडी लावणाऱ्या दादांकडून, आणि तोवर तुम्हाला जाऊन आठ दिवस झाले होते. मोबाईल तुम्ही वापरत नाही. म्हणून हे पत्र असं चारचौघांत लिहितेय. तुमच्या नातवाच्या किंवा कुणा ओळखीच्याच्या नजरेस पडलं, तर तो तुम्हाला वाचून दाखवेल. नाव कुठे घालू नका म्हणून बजावलं होतंत, ते पाळलं आहे. पण पुण्याच्या वेताळ टेकडीवर रोज सकाळी काळी छत्री आणि वर्तमानपत्राची घडी घेऊन फिरणारे काका म्हटल्यावर ओळखणारे ओळखतीलच.

आपली पहिली भेट 2022 च्या जूनमधली. मृगाचे दोन पाऊस पडून गेले होते. मी देवळाकडून खाणीच्या तळ्याकडे निघाले होते, सगळं लक्ष मोराच्या आवाजाकडे. तेवढ्यात मागून तुमचा आवाज आला, "ताई, पाय आहे तिथेच ठेवा. खाली बघा." बुटाच्या टोकापासून वीतभर अंतरावर, थेट मातीतून उगवल्यासारखी, एक पिवळी चांदणी होती. सहा पाकळ्या, रुपयाच्या नाण्याएवढी. तुम्ही छत्री टेकवत उकिडवे बसलात आणि म्हणालात, "काळी मुसळी. देठ वाटतो ना, तो फुलाचा गळा आहे. बीजकोश खाली मातीत आहे. पाऊस पडला की आधी हिचा नंबर."

त्या वाटेने मी अकरा वर्षं चालत होते. अकरा पावसाळे ती चांदणी तिथे येत असणार आणि अकरा पावसाळे मी तिच्यावरून गेले असणार. आणि फुलांचं मला वेड होतं बरं का! दर सप्टेंबरला कासला जायचं, आधी बुकिंग करायचं, रांगेत उभं राहायचं, कुंपणापलीकडचा गुलाबी तेरडा आणि पिवळी सोनकी यांचे शेकडो फोटो काढायचे. कास सुंदरच आहे. 2012 साली युनेस्कोने पश्चिम घाटातल्या ज्या 39 ठिकाणांना जागतिक वारसा ठरवलं, त्यांत ते आहे, आणि असायलाच हवं. पण फूल बघायचं तर गाडी काढून शंभर किलोमीटरच्या पुढे जायला हवं, ही समजूत माझ्या डोक्यात इतकी पक्की होती की घरापासून वीस मिनिटांवरची टेकडी मला फक्त व्यायामाची जागा वाटायची.

दुसऱ्या भेटीत मी तुम्हाला माझे जुने फोटो मोठ्या हौसेने दाखवले. तुम्ही चश्मा वर करून, मोबाईल डोळ्यांजवळ नेऊन एकेक बघितलात. एका पिवळ्या फुलापाशी थांबलात. "हे काय आहे?" मी म्हटलं, तेच तर तुम्हाला विचारायचंय. "मला कसं कळणार? तुम्ही याचं फक्त तोंड काढलंय. पान कुठाय? पाठ कुठाय?" मग बांधासारख्या त्या उंचवट्यावर शेजारी शेजारी उगवलेली दोन झाडं दाखवलीत. कवळा आणि खुळखुळा. दोन्हींची फुलं पिवळी, दोन्हींचा आकार वाटाण्याच्या फुलासारखा. समोरून घाईत टिपली तर कुणीही फसावं. पण कवळ्याची पानं बारीक बारीक पात्यांची जोडलेली, आणि शेंग इतकी लाजरी की घडी घालून फुलामागच्या हिरव्या वाटीतच दडून बसते. खुळखुळ्याची शेंग फुगीर, वाळली की आतलं बी वाजतं. म्हणून तर त्याचं नाव खुळखुळा. हे सगळं फुलाच्या मागे आणि खाली होतं, आणि माझ्या शेकडो फोटोंत त्यातलं काहीसुद्धा नव्हतं.

त्या दिवशी घरी जाऊन मी जुना सगळा साठा उघडून बसले. पिवळी, जांभळी, पांढरी तोंडंच तोंडं. कुठे काढली, कधी काढली, झाड हातभर होतं की कमरेएवढं, काही पत्ता नाही.

मग तुमच्या हाताखाली माझी शाळा सुरू झाली. तुम्ही कधी शिकवतोय असं म्हणाला नाहीत, पण शाळाच होती ती. आधी अख्खं झाड, आजूबाजूच्या मातीदगडासकट. मग पान, वरून आणि उलटं करून. खोडाला लव आहे का, ते उजेडाच्या उलट बाजूने. मग फुलाची पाठ. आणि हे सगळं झाल्यावर, शेवटी, तोंड. तेरड्याचा फोटो बाजूने काढायला लावलात तेव्हा त्याची ती मागे वळलेली बारीक शेपटी मला पहिल्यांदा नीट दिसली. मध तिच्यात असतो हे तुम्ही सांगितलंत. लहानपणी दर भाद्रपदात आजीबरोबर गौरीसाठी तेरड्याची रोपं आणायला मी जात होते, पण ती शेपटी काही पाहिली नव्हती.

पांढऱ्या फुलांचं तंत्रही तुमचंच. चिचुर्डी आठवते? जमिनीला चिकटलेलं ते गोल पान आणि वर नाजूक पांढरी फुलं. माझ्या फोटोत फुलांच्या जागी नुसता चुन्याचा ठिपका यायचा. तुम्ही छत्री उघडून मागे धरलीत, काळा पडदा झाला, सावलीही पडली, आणि मला म्हणालात उजेड कमी करून बघा. पाकळीची कड न् कड उमटली. दीपकाडीच्या एका अंगाला लोंबणाऱ्या फिक्या घंटाही मग तशाच टिपल्या. मोबाईलने तुम्ही स्वतः कधी फोटो काढला नसेल, पण उजेडाची तुमची जाण पक्की होती. वारा सुटला की तुम्ही वाऱ्याच्या बाजूला भिंतीसारखे बसायचात आणि म्हणायचात, "करा सावकाश. फूल पळून जात नाही."

केन्याच्या बाबतीत मात्र तुम्ही घाई करायला लावायचात, कारण तो दुपारी मिटतो. आणि केना म्हटल्यावर ती श्रावणातली सकाळ आठवते. वाटेच्या कडेला केन्याचा ताटवा होता. आमच्या घरी आई केन्याच्या पानांची भजी करायची, त्यापलीकडे मला त्याचं कौतुक नव्हतं. तुम्ही एक रोप हलक्या हाताने मुळासकट उपटलंत आणि माती झटकलीत. वर दोन निळ्या पाकळ्या, पानाच्या बुडाशी तांबूस केस. ते बघून झाल्यावर तुम्ही रोप उलटं धरलंत. मुळांमधून पांढरट फुटवे निघाले होते आणि त्यांच्या टोकाला बारीक बोंडं. "हीसुद्धा फुलंच आहेत," तुम्ही म्हणालात. "मातीतच राहतात, उघडत नाहीत, उजेड बघत नाहीत, आणि तरी बी धरतात. वरचं फूल गुरांनी खाल्लं, खुरप्याने गेलं, तरी खालची बेगमी झालेली असते." मी किती वेळ ते रोप हातात घेऊन बसले होते! निंदून निंदून केना का संपत नाही, याचं उत्तर माझ्या तळहातावर होतं. मग तुम्ही ते रोप परत खळग्यात लावलंत आणि माती दाबलीत. तणच ते, पण तुम्ही ते टाकून दिलं नाहीत.

तुमच्या नोकरीविषयी कळायला मला वर्ष लागलं. महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात प्रयोगशाळा परिचर म्हणून तुम्ही तेहतीस वर्षं काढलीत. सहलीहून आलेली झाडं वर्तमानपत्रात दाबायची, पावसाळ्यात बुरशी लागू नये म्हणून रोजच्या रोज कागद बदलायचे, किडीपासून वाचावीत म्हणून मर्क्युरिक क्लोराइडच्या विषारी द्रावणातून काढायची, मग 42 बाय 28 सेंटिमीटरच्या जाड कागदावर चिकटवायची, जाड देठ दोऱ्याने शिवायचे, कोपऱ्यात लेबल लावायचं. लेबलवर झाडाचं नाव, ठिकाण, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव, ओळखणाऱ्याचं नाव. चिकटवणाऱ्याच्या नावाला त्यावर रकाना नसतो. हे तुम्ही तक्रार म्हणून सांगितलं नव्हतंत, सहज बोललात. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही.

पण त्याच बोलण्यात तुम्ही जे पुढे म्हणालात, त्याने माझं फोटो काढणंच बदललं. "शीटवर निळं फूल तपकिरी होतं, वास जातो. म्हणून लेबलवर रंग लिहावा लागतो. तुमच्या मोबाईलमध्ये रंग राहतो, पण लेबल कुठाय? तारीख, जागा, माती, सावली. ते लिहा ताई. नाहीतर पन्नास वर्षांनी बघणाऱ्याला तुमचं फूल नुसतं छान दिसेल." दुसऱ्याच दिवशी मी दोनशे पानी वही आणली.

त्या वहीतली एक नोंद लिहिताना आजही हात जड होतो. एका पावसाळ्यात तुम्ही मला खर्चुडीचा वेल दाखवला होतात, गवतात लपलेला, त्यावर उभा कंदील असावा तसं फूल. नळीत आतल्या बाजूला केस खाली वळलेले, त्यामुळे बारीक माशी आत उतरते पण लगेच बाहेर येऊ शकत नाही. परागाचं काम झालं की केस सुकतात आणि तिची सुटका होते. मी भारावून गेले आणि तो फोटो जागेच्या खाणाखुणांसकट एका ग्रुपवर टाकला. दहा दिवसांनी आपण गेलो तेव्हा तिथे खड्डा होता. कंद कुणीतरी खणून नेला होता. मी तुम्हाला खरं सांगितलं. तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. खाली बसलात, बाजूची माती ओंजळीने खड्ड्यात लोटलीत आणि तळव्याने दाबत राहिलात. उठताना एवढंच म्हणालात, "पाणी साचलं तर शेजारचंही कुजेल." तुम्ही रागावला असतात तर मला बरं वाटलं असतं. त्यानंतरचे दोन पावसाळे मी ती जागा पाहून आले, वेल आला नाही. आता दुर्मीळ काही दिसलं तर जागा फक्त वहीत जाते. विचारणाऱ्यांना मी 'पुणे' एवढंच सांगते, कुणी कितीही ओळखीचं असलं तरी.

तुम्ही गेल्यानंतरची एक गोष्ट तुम्हाला कळायला हवी. गेल्या वर्षी आमच्या सोसायटीतल्या मंडळींनी टेकडीवर झाडं लावायचं ठरवलं. मनापासून ठरवलं होतं. खड्ड्यांसाठी जागा निवडली ती आपला तो उघडा माळ. 'ओसाड आहे' म्हणून. तुमचं वाक्य माझ्या कानात होतं, की गिरिपुष्पाच्या, म्हणजे ग्लिरिसिडियाच्या झाडांच्या गर्दीखाली जाऊन बघा, गवतातलं एक फूल दिसतंय का. या टेकडीवरची माती काळ्या दगडावर जेमतेम वीतभर, तिच्यावर उन्हात वाढणाऱ्यांचाच संसार. मी वही घेऊन बैठकीला गेले. त्याच माळावर चार महिन्यांत टिपलेली 61 फुलं तारखेसकट दाखवली: काळी मुसळी, दीपकाडी, चिचुर्डी, आभाळी, विष्णुक्रांत, पंद, कवळा, कुर्डू. आभाळीचा जवळून काढलेला फोटो, पुंकेसरांवरचे ते मण्यांच्या माळेसारखे निळे केस, सगळ्यांत जास्त वेळ हातोहात फिरला. शेवटी रोपं आमच्याच आवारात आणि रस्त्याकडेला लागली. माळावर कुदळ पडली नाही. नुसत्या तोंडांचे फोटो घेऊन गेले असते तर 'छान आहेत' म्हणून परत केले असते.

एकदांडीसुद्धा आता मी ओलांडून जात नाही. बाहेरून आलेली, कुठेही उगवणारी, शाळेत असताना गुडघा फुटला की जिचा पाला चोळून लावायचो ती. तुम्ही एकदा तिचं फूल नखावर फोडून दाखवलं होतंत: मधली प्रत्येक पिवळी नळी म्हणजे एकेक फूल, कडेच्या पाकळीला तीन दात, तीही एक फूलच. माझ्या भाचीला मी तसंच दाखवलं. तिने नखावर ठेवून मोजायला सुरुवात केली आणि चाळिसाच्या पुढे तिचं मोजणं चुकलं; मग पुन्हा पहिल्यापासून.

वहीत आज 112 नोंदी आहेत. लेबलसारखेच रकाने आखलेत, फक्त एक जास्तीचा: 'दाखवलं कोणी'. पहिली त्रेपन्न पानं त्या रकान्यात एकच शब्द आहे, काका. पुढे काही ठिकाणी माझं नाव आहे, दोन ठिकाणी भाचीचं, एका ठिकाणी शेळ्या घेऊन येणाऱ्या मावशींचं.

काका, मनापासून आभार. तुम्ही मला त्या सकाळी थांबवलंत, रोज न कंटाळता उकिडवे बसलात, गुडघे दुखत असताना बसलात, आणि मी चूक केली तेव्हा माझ्याशी बोलणं टाकलं नाहीत. यंदा मृगाच्या दुसऱ्या पावसानंतर चौथ्या दिवशी काळी मुसळी आली. त्याच जागी, तीन फुलं. सकाळी सात वाजून दहा मिनिटं, आभाळ भरलेलं, माती ओली.

तुमची छत्री शेवटच्या दिवशी माझ्याकडे राहिली होती. तिची एक काडी मोडली होती, ती बसवून घेतली आहे. निरोप पाठवलात तर कुठल्याही गावी स्वतः आणून देईन.

तुमची,
ताई