सरासरी सारखी, बिल वेगळे

मा. संपादक,
स. न.

गेल्या आठवड्यात आपल्या पत्रव्यवहारात नागपुरातल्या मनीषनगरच्या एका गृहस्थांची तक्रार वाचली. वर्षाचे युनिट शेजाऱ्याइतकेच, ३६००. तरी बिल त्याच्याहून जास्त, म्हणून मीटर सदोष! मीटर बिचारा निर्दोष आहे.

हिशेबासाठी दर माझ्या मनाचे धरतो. पहिल्या १०० युनिटना ५ रुपये, पुढच्या २०० ना १०, त्यावर १५. स्थिर आकार, कर सोडून देऊ. शेजारी दरमहा ३०० युनिट जाळतो. बिल २५००, दोन महिन्यांचे ५०००. आपले गृहस्थ डिसेंबरात १०० आणि मेमध्ये, कूलर रात्रंदिवस चालू, ५००. बिले ५०० आणि ५५००, म्हणजे ६०००. डिसेंबरातल्या कमी २०० युनिटचे २००० वाचले, मेमधल्या जादा २०० चे ३००० गेले. युनिटचा दर म्हणजे बिलाचा विकलज, वापर वाढताना बिल ज्या वेगाने वाढते तो वेग, आणि तो वापरासोबत टप्प्याटप्प्याने चढतो, उतरत कधीच नाही. अशा बहिर्वक्र, म्हणजे आलेखाचा चढ कधीच कमी न होणाऱ्या, फलनात सरासरी वापराचे बिल बिलांच्या सरासरीहून जास्त कधीच भरत नाही. योहान येन्सेन यांनी ही असमानता १९०६ साली मांडली. नोकरी कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत, गणित फावल्या वेळचे!

महाल भागात बारावीला गणित शिकवताना एक चूक मी जन्मभर तपासली. दुसरा विकलज, म्हणजे विकलजाचा विकलज, धन नसेल तर फलन बहिर्वक्र नाही, असे मुले ठोकून देत. आता हे बिलच बघा. १०० आणि ३०० वर आलेखाला कोपरा, तिथे पहिल्याच विकलजाचा पत्ता नाही. मधल्या सरळ तुकड्यांवर दुसरा शून्य. तरी बहिर्वक्रच. कोपऱ्यावर डावीकडचा दर उजवीकडच्याहून मोठा नसला की झाले.

पत्रावरून आठवले. फ्रेंच गणिती शार्ल एर्मीत यांनी १८८१ च्या नोव्हेंबरात ‘मॅथेसिस’ या गणिताच्या नियतकालिकाला पत्र धाडले. बहिर्वक्र फलनाची एखाद्या पट्ट्यातली सरासरी मध्यबिंदूच्या किमतीहून कमी नसते आणि दोन टोकांच्या सरासरीहून जास्त नसते, असे त्यात होते. आमच्या १०० ते ५०० च्या पट्ट्यात हे आकडे येतात: मध्यबिंदूला २५००, सरासरी २७५०, टोकांची सरासरी ३०००. त्यांचा मजकूर छापून आला १८८३ मध्ये. माझे पत्र तेवढे थांबवू नका, उन्हाळा तोंडावर आहे.

मागणी एकच. पारा ४५ वर जाणाऱ्या नागपुरात कूलर ही चैन नव्हे. दर ठरवणाऱ्यांनी टप्पे महिन्याला न लावता वर्षाच्या बेरजेला लावावेत: पहिला १२०० युनिटपर्यंत, दुसरा ३६०० पर्यंत. बिल दरमहा घ्या, मेळ मार्चअखेर घाला. मग मनीषनगरचे गृहस्थ आणि त्यांचा शेजारी, दोघांचेही वर्षाला ३०,००० च होतील.

– एक निवृत्त गणित शिक्षक,
महाल, नागपूर