फुल बॉडी चेकअपमध्ये संडासची तपासणी का नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत हल्ली हमखास एक मोठी जाहिरात असते, फुल बॉडी चेकअप, सत्तर-ऐंशी टेस्ट, घरी येऊन ब्लड कलेक्शन, आईबाबांना गिफ्ट द्या वगैरे. मी परळच्या बाजूला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये बरीच वर्षं टेक्निशियन होतो, आता रिटायर आहे, त्यामुळे ती बारीक अक्षरातली यादी सवयीने पूर्ण वाचतो. व्हिटॅमिन डी आहे, बी ट्वेल्व्ह आहे, थायरॉईडचे तीन-तीन आकडे आहेत, पण पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला खरंच कामाची असलेली, मोठ्या आतड्याचा कॅन्सर वेळेत पकडण्यासाठी शौचात न दिसणारं रक्त शोधणारी टेस्ट, लॅबमध्ये जिला फिट (FIT) म्हणतात, ती मी पाहिलेल्या बहुतेक याद्यांमध्ये नाहीच. कारण मला तरी साधं वाटतं, रक्त घ्यायला पोरगा सकाळी सहाला येतो आणि दहा मिनिटांत जातो, हे सॅम्पल मात्र ज्याचं त्याला घ्यावं लागतं आणि अशी गोष्ट गिफ्ट म्हणून कोण विकणार!

मोठ्या आतड्याचा कॅन्सर एका रात्रीत होत नाही. बहुतेक वेळा आधी आतल्या अस्तरावर चामखिळीसारखा पॉलिप येतो आणि त्याचा कॅन्सर व्हायला साधारण दहा वर्षं लागतात, म्हणजे पकडायला वेळ भरपूर असतो. हे पॉलिप आणि सुरुवातीचे कॅन्सर अधूनमधून थोडं थोडं रक्त सोडतात, डोळ्यांना काहीच दिसत नाही. असं लपलेलं रक्त शोधणारी जुनी अकल्ट ब्लड टेस्ट केमिकलवर चालायची, त्यासाठी पेशंटला आधी तीन दिवस मटण बंद, मुळा बंद, व्हिटॅमिन सीच्या गोळ्या बंद असं सगळं सांगावं लागायचं, कारण यातल्या काही गोष्टींनी टेस्ट खोटी पॉझिटिव्ह यायची आणि व्हिटॅमिन सीने खोटी निगेटिव्ह. फिट फक्त माणसाच्याच हिमोग्लोबिनला पकडते, त्यामुळे रविवारी मटण खाऊन सोमवारी सॅम्पल दिलंत तरी चालतं. म्हणून लॅबमध्ये विचारायचं, तुमच्याकडे जुनी आहे की फिट. आणि नुसतं 'स्टूल रुटीन' लिहून आणलंत तर त्यात मुख्यतः जंत, अमिबा वगैरे बघतात, ती वेगळी गोष्ट.

सॅम्पल द्यायला लोकांना जी लाज वाटते ती मी काउंटरवर रोज बघितलीय. काळी पिशवी, तिच्यात अजून एक काळी पिशवी, आत पेढ्यांचा बॉक्स किंवा श्रीखंडाचा डबा, आणि देताना आवाज इतका खाली की नाव दोनदा विचारावं लागायचं. एवढं लागतच नाही हो. फिटची बोटाएवढी ट्यूब मिळते, झाकणाला खाचा असलेली काडी, ती शौचात चार-पाच ठिकाणी टोचायची, परत ट्यूबमध्ये घालून झाकण बंद, झालं, खाचांना लागलेलं पुरतं. फक्त सॅम्पलला पाणी लागू द्यायचं नाही, आणि आपल्या देशी संडासात तीच खरी अडचण, तर कालचा पेपर पसरायचा, त्यावर शौचाला बसायचं (तुमचा असेल तर माफ करा, उपयोग मात्र चांगला होतो). चाळीतल्या कॉमन संडासात हे जमवणं कठीण आहे, तिथे लॅबकडून रुंद तोंडाचा डबा मागून घ्यावा. उन्हाळ्यात ट्यूब बॅगेत घालून दिवसभर फिरू नका, उकाड्यात हिमोग्लोबिन खराब होतं आणि रिपोर्ट उगाच निगेटिव्ह येतो. त्याच दिवशी पोचवा, नाहीतर फ्रीजमध्ये ठेवा, घरात महाभारत झालं तरी!

ही काही नवीन फॅशन नाही. अमेरिकेत मिनेसोटाला 46 हजारांवर लोकांवर जुन्या टेस्टनेच अभ्यास झाला, 1993 साली निकाल आला की दरवर्षी टेस्ट करणाऱ्यांमध्ये या कॅन्सरने होणारे मृत्यू साधारण 33 टक्क्यांनी कमी झाले. जपानमध्ये 1992 पासून चाळिशीनंतर दरवर्षी फिट आहे, इंग्लंडमध्ये दर दोन वर्षांनी किट पोस्टाने घरी येतं, अमेरिकेने 2021 मध्ये तपासणी सुरू करायचं वय पन्नासवरून 45 वर आणलं. तिकडे संडासमधला डीएनए तपासणारी महागडी टेस्टही आहे. 2014 च्या मोठ्या अभ्यासात तिने 92 टक्के कॅन्सर पकडले आणि फिटने 74 टक्के, पण डीएनएवाली खोटी घंटाही जास्त वाजवते. म्हणजे फिट निगेटिव्ह आली म्हणून कायमचं सुटलो असं नाही, मोठे पॉलिप तर तिला चारातला एकच सापडतो, म्हणून तर दरवर्षी करायची.

आता ज्यांना डोळ्यांना रक्त दिसतंय, शौचाची सवय बदललीय, वजन उतरतंय किंवा कारण नसताना हिमोग्लोबिन खाली गेलंय, त्यांनी स्वतःच फिट करून निगेटिव्हवर खूश होऊ नये, सरळ डॉक्टर गाठावा, वय तीस असलं तरी. मुंबईत लोकलच्या डब्यात 'मूळव्याध, भगंदर, बिना ऑपरेशन' असे स्टिकर इतके आहेत की रक्त पडलं की माणूस आधी तो नंबर लावतो आणि त्यात महिने जातात. घरात आईवडील किंवा भावंडांना हा कॅन्सर झालेला असेल तर फिटवर न थांबता कोलोनोस्कोपीबद्दलच, म्हणजे नळीवरच्या कॅमेऱ्याने मोठं आतडं आतून बघण्याबद्दलच विचारावं.

मला सगळ्यात राग येतो तो पॉझिटिव्ह रिपोर्टनंतर जे चालतं त्याचा. पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर नव्हे, शंभर पॉझिटिव्हमधल्या मोजक्याच लोकांना तो निघतो, बाकीच्यांना मूळव्याध, आतड्याची सूज, पॉलिप काहीही असू शकतं, पण कोलोनोस्कोपी झालीच पाहिजे. आमच्याकडे मात्र लोक परत यायचे, 'डॉक्टरांनी पुन्हा एकदा करायला सांगितलीय', दुसरी निगेटिव्ह आली की हसत घरी. अहो पॉलिप रोज रक्त सोडत नाही, दुसऱ्या दिवशी नाही सोडलं म्हणून पहिला रिपोर्ट खोटा होतो का?

सरकारी कार्यक्रमात तिशीपुढच्यांची तोंडाच्या, स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी आहे, आतड्याची नाही. आपल्याकडे याचं प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी आहे आणि कोलोनोस्कोपी करणारे हातही कमी, हे मान्य, त्यामुळे उद्यापासून सगळ्या मुंबईला किट वाटा असं माझं म्हणणं नाही. पण याच शहरातल्या झोपडपट्ट्यांमध्ये टाटा हॉस्पिटलच्या लोकांनी साध्या व्हिनेगरच्या तपासणीने गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू 31 टक्क्यांनी कमी करून दाखवले, आणि तपासणी करणाऱ्या डॉक्टर नव्हे, ट्रेनिंग दिलेल्या आरोग्य सेविका होत्या. मग पालिकेने एखाद-दुसऱ्या वॉर्डात पन्नाशीपुढच्यांसाठी फिट सुरू करून बघायला काय हरकत आहे, अट एकच, पॉझिटिव्ह रिपोर्टच्या कागदावरच पालिका हॉस्पिटलमधली कोलोनोस्कोपीची तारीख छापून द्यायची, नाहीतर सुरूच करू नका. आणि पॅकेजवाल्यांनी तोवर एक करावं, थायरॉईडच्या तीन आकड्यांतले दोन काढून ही एक टेस्ट घालावी, किंमत फारशी हलणार नाही.

आपला,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन, लालबाग