कॉकपिटमधील शांततेचे कारण प्रवाशांना सांगावे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जळगावहून पुण्याला विमान सुरू झाल्यापासून मी दोनदा त्याने गेलो. दुसऱ्या खेपेला पुणे जवळ आले, पट्टे बांधण्याची सूचना झाली, तरी माझ्या पुढच्या रांगेतील एक गृहस्थ पाण्यासाठी घंटी दाबत राहिले आणि स्वतःच्या जागी पट्टा बांधून बसलेली हवाईसुंदरी उठली नाही म्हणून तिच्यावर चिडले. त्यांची तहान खरी असेल. पण त्या दहा मिनिटांत ती आणि पुढचे दोघे वैमानिक कोणत्या नियमाने बांधलेले असतात, हे त्यांना कधी कोणी सांगितलेलेच नसते.

तो नियम माणसे गमावून आलेला आहे. ११ सप्टेंबर १९७४ रोजी अमेरिकेत शार्लट येथे धुक्यात उतरणारे ईस्टर्न एअरलाइन्सचे विमान धावपट्टीच्या अलीकडेच कोसळले आणि सत्तरहून अधिक लोक दगावले. कॉकपिटमधील, म्हणजे वैमानिकांच्या खोलीतील, ध्वनिमुद्रण ऐकले तेव्हा कळले की, उतरण्याच्या तयारीत असताना वैमानिक राजकारण आणि जुन्या मोटारी यांवर बोलत होते. १९८१ साली तेथे नियम झाला की, दहा हजार फुटांखाली उड्डाणाशी संबंध नसलेले बोलणे आणि काम बंद. आपल्याकडेही हाच दंडक आहे. जळगाव–पुणे हा तासाभराचा प्रवास असल्याने, लांब पल्ल्याच्या तुलनेत त्याचा बराच मोठा हिस्सा या उंचीखाली जातो.

गप्पा टाळल्या तरी गोंगाट उरतोच. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावर केएलएम या डच कंपनीचे विमान उड्डाणासाठी धावत सुटले आणि धावपट्टीवरच असलेल्या दुसऱ्या विमानावर आदळले. त्याआधी, नियंत्रण मनोऱ्याचा थांबण्याचा निरोप आणि आपण अजून धावपट्टीवरच असल्याचे दुसऱ्या विमानाचे सांगणे रेडिओवर एकाच क्षणी आले. केएलएमच्या कॉकपिटमध्ये काही सेकंद नुसती शिट्टी वाजली. इतर चुकाही घडल्या होत्या, पण ऐकू न आलेले ते शब्द ५८३ जणांचे प्राण वाचवू शकले असते.

मी भुसावळला बरीच वर्षे रेल्वे इंजिनावर काढली आहेत. सिग्नल दिसला की सहायकाने हात करून तो मोठ्याने पुकारायचा आणि चालकाने तोच शब्द परत म्हणायचा, ही आमची पद्धत. एका रात्री पाचोऱ्याच्या अलीकडे सहायकाने पुकारलेला ‘पिवळा’ इंजिनाच्या घरघरीत मला ऐकूच आला नाही. माझ्याकडून उत्तर येईना, हे पाहून त्याने खांद्यावर थाप मारली, तेव्हा माझा हात ब्रेककडे गेला. पंख्याच्या (प्रोपेलरच्या) विमानांत इंजिनांचा आवाज किती असतो, हे त्यातून गेलेल्या प्रत्येकाने अनुभवले आहे.

म्हणून नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने अशा विमानांच्या वैमानिकांना बाहेरचा आवाज दाबणारे हेडसेट कंपनीच्या खर्चाने देणे सक्तीचे करावे, आणि उतरण्यापूर्वीच्या सूचनेत, आता कर्मचाऱ्यांना का बोलावू नये, याचे कारण मराठीतूनही सांगण्याची व्यवस्था करावी.

आपला,
एक निवृत्त लोको पायलट, भुसावळ