मार्चअखेरची करवत आणि तांबटाची ढोली

मा. महापालिका आयुक्त,
सविनय नमस्कार.

उद्यानाचे नूतनीकरण करताना पक्ष्यांच्या विणीच्या काळात जुन्या झाडांना हात लावणार नाही, असा शब्द आपल्या अधिकाऱ्यांनी जानेवारीतील बैठकीत आम्हा रहिवाशांना दिला होता. १८ मार्चला सकाळी पांगाऱ्याची वाळकी फांदी ‘धोकादायक’ ठरवून कापली गेली. तिच्या खालच्या अंगाला रुपयाच्या नाण्याहून थोडे मोठे, अगदी गोल भोक होते, आणि तांबट पक्ष्यांच्या जोडीने ते दिवसेंदिवस टोकरताना मी पाहिले होते. फांदी खाली आपटली तेव्हा आत दोन पिले होती. जोडीतला एक पक्षी चोचीत उंबर धरून दुपारपर्यंत त्या रिकाम्या जागेभोवती येत राहिला.

मी तीस वर्षे परिचारिका होते. रात्रपाळीहून परतताना याच बागेत दहा मिनिटे टेकायचे आणि तांबटाची टुक-टुक ऐकून मगच घरी जायचे, हा माझा नेम होता. आता गुडघ्यांमुळे याहून लांब जाता येत नाही. त्या दिवसापासून मला धड झोप लागलेली नाही, हे आपल्याला सांगताना मला संकोच वाटत नाही.

एका कंत्राटदारावर ठपका ठेवून हा विषय मिटणार नाही. निधी ३१ मार्चच्या आत खर्ची पडावा म्हणून कामे फेब्रुवारी-मार्चमध्ये रेटली जातात आणि नेमके याच महिन्यांत तांबट, पोपट, पिंगळे ढोल्यांत पिले वाढवत असतात. मैनेला तर स्वतःची ढोली कोरताही येत नाही. पालापाचोळा झाडून तिथे पेव्हर ब्लॉक बसवले की सातभाई पक्ष्यांनी किडे कुठे शोधायचे? वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मधील शिकारीच्या व्याख्येत वन्य पक्ष्यांची अंडी व घरटी यांना धक्का लावणेही येते. तरीही निविदेत बाकांची संख्या असते, घरट्यांसाठी रकाना नसतो. माहीमला कचऱ्याच्या डेपोवर झाडे लावून सुमारे ३७ एकरांचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान याच राज्यात उभे राहिले, मग आयती झाडे असलेली बाग आपल्याला का राखता येऊ नये?

जूनअखेरपर्यंत छाटणी थांबवावी आणि त्यानंतरही प्रत्येक ढोली जाणकाराने पाहिल्याशिवाय करवत लावू नये. पांगाऱ्याची दुसरी वाळकी फांदी अजून शाबूत आहे, पण तिच्यावर लाल रंगाची फुली मारलेली आहे. ती फुली पुसण्याचा लेखी आदेश याच आठवड्यात निघावा.

आपली,
एक निवृत्त परिचारिका