नारळाच्या रोपांसाठी घेतलेल्या हिवाळी कवचाबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

गुहागर तालुक्यात समुद्राला लागून आमची माडांची वाडी आहे. नोव्हेंबरात आपल्याकडून 12 हिवाळी कवचं मागवली. 'थंडी आणि गेंड्या भुंगा, दोन्हींपासून रक्षण' ही आपलीच जाहिरात. माडाचा कोंब पोखरणाऱ्या या भुंग्याने गांजलेला माणूस आणखी काय बघणार? सोबतच्या कागदावर 'फेब्रुवारीअखेरपर्यंत काढू नये' असं ठळक छापलेलं, त्याप्रमाणे हात लावला नाही.

काढली तेव्हा आतून पाणी ओघळत होतं. चार रोपांची मधली सुरळी, म्हणजे न उलगडलेलं कोवळं पान, नुसती धरल्यावर उपटून हातात आली. बुडाशी तपकिरी लगदा आणि नाकाला रुमाल लावावा असा वास. माडाला वाढीचा कोंब एकच. तो कुजला की झाड गेलं, बाजूने दुसरा फुटत नाही.

यावर आपले प्रतिनिधी फोनवर म्हणाले, 'हिम पडून करपली असतील.' अहो, आमच्या किनाऱ्यावर जानेवारीतही पारा सहसा 15 अंशांखाली जात नाही! इथे रोपांवर झावळ्यांची सावली करतात ती उन्हाळ्यातल्या उन्हासाठी.

असली वेष्टणं इंग्लंड-जर्मनीकडे लागतात, हे मान्य. तिथे अंगणात ट्रॅकिकार्पस जातीचा ताड लावतात. तो उणे 10 अंशांपर्यंतची थंडीही काढतो, पण शेंड्यात पाणी साचून गोठलं की कोंब जातो. म्हणून कडक थंडीत पानं वर गोळा करून बांधतात, पेंढा लावतात आणि हवा खेळेल असं कापड गुंडाळतात. थंडी ओसरली की सोडतात. आपलं कवच मात्र जाड प्लॅस्टिकचं, वरून शिवून बंद. ते तिकडच्या ताडालाही घालू नये.

कवचांची पूर्ण किंमत आणि मेलेल्या चार रोपांची भरपाई 15 दिवसांत द्यावी. जाहिरातीतून नारळाचं नाव काढावं. फोटो व बिलाची प्रत जोडली आहे. अन्यथा ग्राहक संरक्षण कायदा 2019 खाली सदोष माल आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करू.

कवचं धुऊन, गुंडाळून पडवीत ठेवली आहेत. कुरियर आपल्या खर्चाने पाठवावा. आणि येणाऱ्या माणसाला आधी फोन करायला सांगा, दुपारी आम्ही वाडीत असतो.

आपला,
एक बागायतदार